‘फास्ट’ आणि पोटाची सोनोग्राफी: यंत्र तेच, प्रश्न वेगळा

“सोनोग्राफी नॉर्मल आली ना डॉक्टर, मग आता सीटी कशाला?” अपघाताचा पेशंट आला की नातेवाइकांचा हा प्रश्न ठरलेला, आणि तो रास्तच आहे. कॅज्युअल्टीत खाटेपाशी करतात ती ‘फास्ट’ आणि नेहमीची पोटाची सोनोग्राफी, दोन्हींना आपण सोनोग्राफीच म्हणतो.

नेहमीच्या सोनोग्राफीला माणूस उपाशीपोटी, लघवी धरून येतो. रेडिओलॉजिस्ट एकेक अवयव निवांत पाहून रिपोर्ट लिहितात.

‘फास्ट’मध्ये अवयव तपासायचेच नसतात. सलाइन लावणं चालू असतानाच, दोन-चार मिनिटांत, एवढंच बघायचं की नको तिथे पाणी, म्हणजे रक्त किंवा दुसरा द्रव, साचलंय का. जागा चार: यकृत आणि उजव्या किडनीच्या मध्ये, प्लीहेभोवती, मूत्राशयामागे आणि हृदयाच्या आवरणात. छातीही पाहिली तर ‘ई-फास्ट’.

पहिली जागा सर्वांत बोलकी. एरवी करडं यकृत किडनीला टेकलेलं असतं, मध्ये एक बारीक पांढरी रेघ. रक्त साचलं की तिथे काळी पट्टी उमटते. बरेचदा ती आधी यकृताच्या खालच्या टोकाशी दिसते. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, तिथवर न्यायचं घाईत राहून जातं, आणि ते राहता कामा नये. बीपी कोसळलेलं आणि पट्टी काळी, तर सीटीत वेळ न घालवता पेशंट थेट थिएटरमध्ये. पूर्वी हेच कळायला पोटाला छेद देऊन नळी घालावी लागे. माझ्या मते कॅज्युअल्टीला याहून मोठी देणगी क्वचितच मिळाली असेल.

पण साधारण 200 मिलिलिटरपेक्षा कमी रक्त सहसा निसटतं. फाटलेलं आतडं किंवा किडनीमागे, पोटाच्या मागच्या भागात साचणारं रक्त ‘फास्ट’ला सहसा दिसत नाही. यकृत चिरलंय पण रक्त बाहेर आलेलं नाही, तरीही चारही जागा कोरड्याच. उलट, जुना जलोदर असेल तर तोही काळाच दिसतो.

म्हणजे ‘फास्ट’ नॉर्मल याचा अर्थ, या घटकेला या चार जागी पाणी दिसलं नाही. नाडी वाढत गेली की आम्ही प्रोब पुन्हा ठेवतो. बीपी स्थिर असेल आणि मार जबर असेल तर रंगद्रव्य देऊन सीटी करतो. कोणता अवयव किती फाटलाय ते तिथे कळतं. आणि घरी सोडलेल्या माणसाचं पोट दुखत राहिलं, चक्कर आली किंवा खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखू लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याला परत घेऊन या. प्लीहेतून झिरपणारं रक्त कधीकधी खांद्यात दुखतं.