बीडीपी (पुण्याच्या टेकड्यांवरचं आरक्षण)

बीडीपी म्हणजे बायोडायव्हर्सिटी पार्क, मराठी कागदपत्रांत जैवविविधता उद्यान. नावात पार्क असलं तरी ही काही झोपाळे-घसरगुंडीवाली बाग नाही. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, त्यातली १५ नंतर वगळली आणि उरलेल्या २३ गावांचा विकास आराखडा करताना बाणेर, वारजे, कात्रज अशा भागातल्या टेकड्यांवर हे आरक्षण टाकलं, म्हणजे ती जागा या उद्यानासाठी राखून ठेवली, सुमारे ९७८ हेक्टर. टेकडीवर मुरलेलं पाणी खालच्या विहिरी-बोअरला मिळतं आणि उतार फोडून बांधकाम केलं की तेच पाणी गाळ घेऊन नाल्यातून सोसायट्यांत शिरतं, त्यामुळे हा नुसत्या हिरवळीचा प्रश्न कधीच नव्हता.

राज्य सरकारने बाकीचा आराखडा मंजूर केला पण बीडीपीचा निर्णय लोंबकळत राहिला, टेकडीवर थोडं तरी बांधकाम करू द्यायचं का यावरच वर्षानुवर्षं वाद चालला. नागरिक, पर्यावरणवाले, काही लोकप्रतिनिधी मागे लागले म्हणून शेवटी २०१५ मध्ये बांधकामाला परवानगी न देता आरक्षण मंजूर झालं.

पण नकाशात हिरवा रंग भरला म्हणून जमीन पालिकेची होत नाही, बहुतेक जागा खाजगी आहे. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या (१९६६) कलम १२६ मध्ये ती घ्यायचे तीन रस्ते आहेत: बोलणी करून पैसे द्या, टीडीआर (हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) द्या, नाहीतर भूसंपादन करा. रोख द्यायला तिजोरीत पैसा नाही म्हणून बीडीपीला टीडीआर ठरला, तोही ८ टक्के, म्हणजे १००० चौरस मीटर जागा सोडली तर ८० चौरस मीटर बांधकामाचा हक्क, जो दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. साध्या आरक्षणाला याच्या कितीतरी पट मिळतो, मग कोण आपणहून जागा देईल? मला तरी इथे जमीनमालक खलनायक वाटत नाही, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली माणसं आहेत ही. जागा अशी अधांतरी राहिली की गुंठ्या-गुंठ्याने विकली जाते, आधी पत्र्याची शेड, मग पक्कं घर, आणि टेकडी गेलीच.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावाने हाच प्रश्न पैशाने सोडवला. तिथल्या मतदारांनी १९६७ मध्ये स्वतःवर ०.४ टक्के विक्रीकर लावून घेतला, मोकळ्या जमिनी विकत घ्यायला आणि सांभाळायला. आपल्याकडे टेकड्यांसाठी असा वेगळा, दुसरीकडे वळवता न येणारा निधी हवा असं माझं ठाम मत आहे.

कारण त्याच एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ चं घड्याळ चालूच असतं. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. बीडीपीच्या मंजुरीला २०२५ मध्ये १० वर्षं झाली.