बीपीची गोळी मनाने बंद करू नका

‘बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी कशाला?’ असं आमच्या काउंटरवर नेहमी विचारलं जातं. बीपी नॉर्मल आहे तो बहुधा गोळी चालू आहे म्हणूनच. त्यात ती बीटा ब्लॉकर गटातली असेल, तर एकदम थांबवणं धोक्याचं आहे.

आधी आपली गोळी ओळखा. पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव असतं आणि औषधाचं मूळ नावही. त्यातलं मूळ नाव वाचा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, कार्व्हेडिलॉल असं काही दिसलं, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीतही हे औषध असतं. मायग्रेन किंवा हात थरथरण्यासाठीही ते देतात.

हे औषध अ‍ॅड्रेनलिनचा (ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाचा) हृदयावरचा परिणाम अडवतं. बरेच दिवस अडवल्यावर हृदय अ‍ॅड्रेनलिनला जास्तच संवेदनशील होतं. मग गोळी अचानक थांबली की धडधड वाढते, बीपी उसळतो, छातीत दुखतं. हृदयविकार असलेल्यांना झटकाही येऊ शकतो. थायरॉइड वाढलेल्यांची लक्षणं एकाएकी बळावतात.

गोळी खरंच बंद करायची असेल, तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, साधारण 1 ते 2 आठवड्यांत, काहींना त्याहून सावकाश. त्या दिवसांत जड कामं टाळा. क्लोनिडिन हे बीपीचं दुसरं औषधही चालू असेल तर आधी कोणतं थांबवायचं याचा क्रम ठरलेला असतो, म्हणून दोन्ही पाकिटं डॉक्टरांना दाखवा. चक्कर येते, नाडी फार मंद वाटते, दम लागतो म्हणूनही परस्पर गोळी सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

डोस चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नकोत. एकादशीच्या उपवासाला गोळी चुकवू नका. अन्नाबरोबर घ्यायची असेल तर काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना या गोळीबद्दल सांगा.

छातीत दुखू लागलं तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

गणपतीला गावी निघताना परतीच्या दिवसापेक्षा आठवडाभर जास्त गोळ्या घ्या. तिथल्या दुकानात दाखवायला नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं जुनं पाकीट जवळ ठेवा. मेटोप्रोलॉलचे सक्सिनेट आणि टार्ट्रेट असे दोन प्रकार आहेत. एकाच्या जागी दुसरा परस्पर घेऊ नका.