‘जरा बाजूला बोलायचं होतं’ : आमच्या पुरुष ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचं औषधांचं दुकान पुण्याच्या पेठेत आहे. काउंटरवर आम्ही नवरा-बायको असतो आणि दोघंही फार्मासिस्ट आहोत. एक दृश्य आम्ही नेहमी पाहतो. एखादे गृहस्थ येतात, तापाच्या गोळ्या घेतात, पैसे देतात, पण निघत नाहीत. बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत टूथपेस्टच्या कपाटापाशी उभे राहतात आणि मग म्हणतात, “जरा बाजूला बोलायचं होतं.” काउंटरवर बाई दिसली तर तेवढंही न बोलता परत जातात, आणि जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही असं दुकान गाठतात.

हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. पिशवीत घालून घरी न्या आणि निवांत वाचा.

‘ती गोळी’ आम्ही चिठ्ठीशिवाय का देत नाही

महिन्याची औषधं आमच्याकडून नेणारे एक गृहस्थ आहेत. एका संध्याकाळी त्यांनी ताठरतेची गोळी मागितली. नाव मित्राने सांगितलं होतं, चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नाही म्हणजे आम्ही नाहीच म्हणणार होतो. पण आम्हाला धडकी भरली ती वेगळ्याच कारणाने. त्यांच्या महिन्याच्या यादीत सॉर्बिट्रेट होती, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही ताठरतेची औषधं आणि ही नायट्रेट गटातली गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम कोसळतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. अनोळखी दुकानात त्यांना हे कुणी विचारलं असतं का, हा विचार त्या रात्री आमच्या डोक्यातून जाईना.

“हृदयाच्या डॉक्टरांना हे कसं सांगायचं?” असं ते म्हणाले. खरं तर सगळ्यांत आधी त्यांनाच सांगायला हवं. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. धमन्यांच्या आतून थर साचायला लागला की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून चाळिशी-पन्नाशीत ताठरता हळूहळू कमी होत गेली, तर ती हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकते. मधुमेहात तर रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही दुखावतात. अशी तक्रार घेऊन गेल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं, तर ‘मी विचारलं काय आणि हे तपासतात काय’ असं वाटू देऊ नका. ते बरोबर जागी शोधत असतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासायचं असेल तर रक्त सकाळी द्यायचं असतं, कारण दिवसभरात त्याची पातळी उतरते.

सकाळी जाग येताना ताठरता नीट असेल आणि अडचण फक्त बायकोजवळ येत असेल, तर कारण बहुधा मनावरच्या ताणात असतं. त्यावरही उपचार आहेत. काही वेळा रक्तदाबाची किंवा नैराश्याची औषधं कारण ठरतात. मात्र अशी शंका आली म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर पर्यायी औषध देऊ शकतात.

जांघेतली खाज आणि मलमाची ट्यूब

पावसाळ्यात सर्वांत जास्त मागणी असते ती या मलमांना. भिजलेली पँट, दुचाकीची तापलेली सीट, दिवसभराची घट्ट जीन्स, आणि जांघेत गजकर्ण. मग शेजाऱ्याने सांगितलेली ट्यूब मागितली जाते. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. बुरशी मात्र आत पसरत राहते, गोल चट्ट्यांचा आकार बदलतो, कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उठतात. आमच्या डोळ्यांसमोर हे इतक्यांचं झालंय की आता ही ट्यूब मागितली की आम्हाला वाईटच वाटतं. २०१८ पासून अशी स्टिरॉइड मलमं कायद्यानेही चिठ्ठीवरच द्यायची आहेत. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी सांगितलेले सगळे दिवस औषध लावा, खाज थांबली तरीही.

लिंगाच्या पुढच्या कातडीला वारंवार खाज येत असेल, चिरा पडत असतील, तर साखर तपासून घ्या. मधुमेह आहे हे काहींना असंच पहिल्यांदा कळतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो, कारण या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि बुरशीला ती साखर मानवते. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा. त्यांच्यासाठी हे नवीन नाही.

लघवीला आग, पू, जखम

असुरक्षित संबंधानंतर यातलं काही दिसलं तर अर्धवट अँटिबायोटिक घेऊन गप्प बसू नका. सिफिलिसची जखम दुखत नाही आणि आपोआप भरून येते, पण आजार शरीरातच राहतो. जोडीदाराचेही उपचार लागतात, नाहीतर तोच संसर्ग दोघांत फिरत राहतो. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा आजारांची तपासणी होते. एचआयव्हीची चाचणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पुण्यात ससूनला जाता येईल. १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे नाव न सांगता बोलता येतं. एचआयव्हीची धास्ती वाटण्यासारखा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत पोहोचा. तेवढ्या वेळात सुरू केलेली २८ दिवसांची औषधं संसर्ग टाळू शकतात.

आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी

वयात येणाऱ्या मुलाच्या वृषणाला कधीकधी आतल्या आत पीळ पडतो आणि त्याचा रक्तपुरवठा थांबतो. अचानक जोराचं दुखतं, उलट्या होतात. मुलगा लाजून ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, मग ओवा दिला जातो, गॅसची गोळी दिली जाते आणि सकाळची वाट पाहिली जाते. यात घड्याळ महत्त्वाचं आहे. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून पोटदुखीच्या मुलाला सरळ विचारा, “खाली दुखतंय का?” हो म्हणाला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. आमच्याकडे वेदनाशामक मागायला येऊ नका.

तशीच घाई आणखी तीन गोष्टींत करा : मागे ओढलेली पुढची कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं, ताठरता ४ तासांहून जास्त टिकली, किंवा लघवी पूर्ण अडली. शेवटच्याबद्दल एक सांगायचं आहे. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. नाक मोकळं करणाऱ्या औषधाने लघवी अडू शकते. आमच्याकडे सर्दीची गोळी मागताना ‘प्रोस्टेट आहे’ एवढे दोन शब्द बोला.

आणि वृषणात न दुखणारी गाठ लागली तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. वृषणाचा कर्करोग तरुणपणी, पंधरा ते पस्तीसच्या आसपास जास्त दिसतो, आणि वेळेवर सापडला तर बहुतेक जण बरे होतात.

भिंतीवरच्या जाहिराती

‘धातू जाते, अशक्तपणा आलाय’ म्हणून येणारी कोवळी मुलं पाहिली की जीव तुटतो. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्याने हाडं ठिसूळ होत नाहीत की स्मरणशक्ती जात नाही. या भीतीने खरोखर थकून जाणारी माणसं इतकी आहेत की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. थकवा खरा असतो, त्याचं कारण वेगळं असतं. लैंगिक ताकद वाढवण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकलेल्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. वर सांगितलेले सॉर्बिट्रेटवाले गृहस्थ आठवा. आयुर्वेदावर विश्वास असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा, तंबूत नको.

डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य

अडतं ते इथेच. माणूस रांगेत तासभर बसतो, आत गेल्यावर पाठदुखी सांगतो आणि उठता उठता दारात म्हणतो, “अजून एक होतं...” तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो. तसं करू नका. बसल्याबरोबर म्हणा, “डॉक्टर, खासगी तक्रार आहे, सहा महिन्यांपासून ताठरता येत नाही,” किंवा “लघवीच्या जागी जखम आहे.” शब्द फुटत नसतील तर कागदावर लिहून पुढे ठेवा. कधीपासून त्रास आहे, कोणती औषधं चालू आहेत, साखर-रक्तदाब, तंबाखू, दारू, सगळं त्यातच लिहा. स्वागतकक्षात ‘काय होतंय?’ विचारलं तर ‘डॉक्टरांनाच सांगेन’ हे उत्तर पुरेसं आहे. खोलीत दुसरं कुणी असेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा, तुमचा तो हक्क आहे.

फॅमिली डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे असतील, तरी तुमची गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय घरी न सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तरीही जीभ रेटत नसेल तर थेट युरॉलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञांकडे) जा. त्वचेची तक्रार असेल तर त्वचारोगतज्ज्ञ.

मूल होत नसेल तर बायकोच्या तपासण्यांची फाइल जाड होण्याआधी स्वतःची वीर्यतपासणी करा. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा जोडीने. चाचणीआधी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळायचं असतं. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर ते आधी सांगा, त्याने शुक्रजंतू घटतात.

आमच्याकडे

दुपारी २ ते ४ दुकानात गर्दी नसते. तेव्हा या, किंवा कुठल्याही वेळी येऊन ‘पत्रकातलं बोलायचंय’ एवढं म्हणा, आम्ही आतल्या बाकावर बसून ऐकू. आम्ही निदान करत नाही, पण कोणत्या डॉक्टरांकडे आणि किती घाईने जायचं ते सांगू, आणि तुमच्या चालू गोळ्यांची यादी लिहून देऊ. सेफिक्सिमसारख्या काही अँटिबायोटिकची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते. ते रजिस्टर कुलपात असतं. पुड्यावर औषधाचं नाव दिसू नये अशी इच्छा असेल तर तपकिरी पाकिटात घालून देतो. काउंटरवर बाई असतील तरी थांबा, परत जाऊ नका. त्यांनी हे सगळं याआधी ऐकलेलं आहे.