घाटातली ट्रायथलॉन: आजच्या गिअर-चाकांच्या निवडीमागचा इतिहास

चढाच्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) सायकलीला पुढे ५०-३४ दातांची दोन चक्रे (चेनरिंग) आणि मागे ११ ते ३४ दातांच्या चक्री लावा, हा सल्ला आज सर्रास मिळतो आणि बहुतेकांसाठी तो बरोबरही असतो. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र शर्यतीच्या सायकलीच्या तयार संचात अशी जोडणी येतच नव्हती. त्या काळातले जड गिअर पायांची ताकद मोजून ठरवलेले नव्हते. शर्यतींचे नियम, सुट्या भागांच्या मर्यादा आणि थोडी मर्दुमकी यांतून ते ठरत गेले.

सुरुवात मर्दुमकीपासून करावी लागते. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ हा विसाव्या शतकाच्या आरंभापासून गिअर बदलणाऱ्या सायकलींचा हिरिरीने पुरस्कार करत होता. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते मात्र असले लाड पंचेचाळिशी उलटलेल्यांचे. टूर १९१० मध्ये पिरनीज पर्वतात शिरली, तरी डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्री असे. चढ सुरू झाला की खाली उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि माथ्यावर पुन्हा तेच. १९२७ मध्ये थंडीने बोटे गारठल्यामुळे तुलियो काम्पान्योलो यांना चाकाचा नट सुटेना, आणि त्यातूनच त्यांना क्विक रिलीजची (हाताने खटका फिरवून चाक सोडण्याची) कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते.

डिरेलर आला तरी चढासाठीचा गिअर लगेच हलका झाला नाही. यामागचे कारण फारसे कोणी सांगत नाही: क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) चेनरिंग बसवणाऱ्या पाच बोल्टांचे वर्तुळ. बराच काळ रूढ असलेल्या १४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर ४१ दातांपेक्षा लहान चेनरिंग बसतच नसे, म्हणून ५२-४२ ही जोडी प्रमाण मानली गेली. वर्तुळ १३० वर आले तेव्हा ३८ पर्यंत उतरता आले आणि ५३-३९ रूढ झाली. ११० च्या वर्तुळावर ३४ बसते. तेच ५०-३४ चे ‘कॉम्पॅक्ट’, आणि २००० नंतरच्या दशकात ते रोड सायकलींवर सर्वत्र दिसू लागले. मागच्या बाजूला चक्रींची संख्या वाढत गेली: साधारण २००० मध्ये १०, २००८ मध्ये ११, २०१८ मध्ये १२. त्यामुळे लहान-मोठ्या चक्रीतले अंतर वाढवूनही मधल्या उड्या सुसह्य राहिल्या.

या बदलाने काय साधले ते एका चढावर पाहू. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, चढ ८ टक्के, ताकद २०० वॉट. वेग पडतो ताशी जेमतेम १० किलोमीटर. ३९ ला २५ या जुन्या जोडीवर या वेगाला केडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) ५१ च्या आसपास येतो, ३४ ला ३४ वर ७९. जुन्या जोडीवर ८० चा केडन्स राखायचा तर वेग १५.७ हवा आणि त्यासाठी ३०० वॉटच्या वर ताकद लागते. व्यावसायिक स्वाराला ते झेपेल, पण पुढे ४२ किलोमीटर धावायचे असलेल्या हौशीला नाही. पन्नासच्या केडन्सवर तासभर रेटलेल्या मांड्यांची किंमत धावताना वसूल होते.

ट्रायथलॉनने हे ओळखायला वेळ लावला. १९७८ मध्ये ओआहू बेटावर पंधरा जणांनी सुरू केलेली आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन १९८१ मध्ये हवाई बेटावरच्या कोनाला गेली, आणि तिथल्या वाऱ्याच्या मोकळ्या रस्त्यांनी या खेळाच्या सायकलीला आकार दिला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एअरोबार (कोपर टेकून पुढे वाकून बसण्याचे हँडल) आले. १९८९ मध्ये खास ट्रायथलॉनसाठीची, सीटखालची नळी (सीट ट्यूब) जास्त उभी असलेली आणि लहान, ६५०सी मापाच्या चाकांची सायकल आली. सगळा भर हवा कापण्यावर होता. दरम्यान फ्रान्समध्ये नीसची शर्यत १९८२ पासून आणि आल्प्समधली आँब्रूंची १९८४ पासून सुरू होती. आँब्रूंच्या वाटेवर पुढे २,३६० मीटर उंचीचा इझोआर घाटही आला. तरीही सपाटीची सायकल डोंगरात नेण्याची खोड गेली नाही.

वरच्या टोकाची, म्हणजे उतारावर गिअर कमी पडेल याची, चिंता बहुधा फुकटची असते. ५० ला ११ वर ९५ च्या केडन्सने ५४ चा वेग मिळतो. त्यापुढे उतारावर पेडल मारण्यापेक्षा अंग आवळून बसणे फायद्याचे. २०१९ मध्ये सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने १० दातांची चक्री आणि पुढे ४८-३५ आणले. ४८ ला १० म्हणजे जवळपास जुने ५३ ला ११ च. मात्र १० दातांसाठी वेगळा फ्रीहब (हबचा चक्री बसवायचा भाग) लागतो, त्यामुळे शर्यतीसाठी उसनी आणलेली चाके ऐनवेळी बसत नाहीत.

चाकांच्या बाबतीत उलटी चूक झाली. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझरने डिस्क चाकांवर (आऱ्यांऐवजी भरीव तबकडीच्या चाकांवर) तासाचा, म्हणजे एका तासात कापलेल्या अंतराचा, विक्रम ५१.१५१ किलोमीटरवर नेला आणि हवेचे महत्त्व सर्वांना पटले. तरी चढ म्हटला की हलके, उथळ रिम (चाकाचे बाहेरचे कडे), हा समज टिकून राहिला. हिशेब केला तर खोल रिमचे ३०० ग्रॅम जास्तीचे वजन २,४०० मीटर चढाईत, २०० वॉटच्या स्वाराला, साधारण ३५ सेकंद खाते. ‘फिरते वजन दुप्पट लागते’ हे वेग वाढवतानाच खरे; एकसारख्या चढात नाही. खोल रिम सपाटीवर आणि उतारावर सहसा याहून जास्त परत देते. खरी अडचण आडव्या वाऱ्याची आहे. पुढचे खोल चाक हँडल ओढते, म्हणून पुढे ४०-५० मिलिमीटर आणि मागे त्याहून खोल ही जोडी बरी. कोनाला तर वाऱ्यामुळे डिस्क चाकावर बंदीच घातली गेली.

कार्बन रिमवर रिम ब्रेक (रिमलाच घासणारे) असतील तर उताराचा विचार आधी करावा. तोच ८५ किलोचा भार ८ टक्के उतारावर २५ च्या वेगाला धरून ठेवला, तर ३५० वॉटहून जास्त उष्णता सतत रिममध्ये जाते. कार्बनचे धागे जोडणारी राळ मऊ पडते, रिमची कड फुगते, ट्यूब फुटते. ब्रेक धरून ठेवू नये. वळणाआधी जोरात दाबून सोडावा. हबजवळच्या तबकडीला धरणाऱ्या डिस्क ब्रेकने ही उष्णता रिमपासून दूर नेली आणि २८ मिलिमीटरच्या टायरलाही जागा करून दिली.

जुन्या सायकलीवर मोठी कॅसेट (मागच्या चक्रींचा संच) चढवताना डिरेलरची क्षमता, म्हणजे दातांचा किती फरक तो सांभाळतो ते, आधी मोजावी: पुढचा फरक १६, मागचा २३, मिळून ३९. आखूड पिंजऱ्याचा (पुली धरणारा भाग आखूड असलेला) डिरेलर एवढी सैल चेन ओढून धरू शकत नाही. चेन जुनीच ठेवली तर मोठी चेनरिंग आणि मोठी चक्री एकत्र पडताच डिरेलर ताणून मोडतो. नवी चेन कापताना ती डिरेलरमधून न नेता या दोन्हींभोवती गुंडाळावी आणि एक आतली, एक बाहेरची अशी कडीजोडी जास्त सोडावी. नंतर बी-स्क्रू (डिरेलर आणि चक्री यांतले अंतर ठरवणारा) फिरवून डिरेलरची वरची पुली मोठ्या चक्रीला घासत नाही ना, ते पाहावे. शर्यतीचे चाक वेगळे असेल तर तेच बसवून खालच्या, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरचा लिमिट स्क्रू (डिरेलर आत कुठवर जाईल ते ठरवणारा) तपासावा. हब जरा इकडेतिकडे असला तरी चेन आऱ्यांमध्ये पडते, आणि तीही नेमकी सर्वांत कठीण चढावर, सगळा जोर पेडलवर असताना.