तोंड न उघडता चावणारा साप

साप हातात घ्यायची वेळ आलीच, तर डोक्यामागे मानेला धरायचा म्हणजे तो वळून चावत नाही, हे जुन्या सर्पमित्रांचं पहिलं शिक्षण. दक्षिण आफ्रिकेत याच पकडीनं भल्याभल्यांचा घात केला आहे. मान पक्की धरलेली, सापाचं तोंड मिटलेलं, आणि तरीही अंगठ्यात दात रुतलेला! जबड्याच्या कडेनं एकच विषदंत बाहेर सरकतो, साप मान जराशी तिरकी करतो आणि तो दात मागच्या दिशेनं खुपसतो.

हा अ‍ॅट्रॅक्टॅस्पिस. इंग्रजीत त्याला बारीक पात्याच्या खंजिराचं नाव आहे. आपल्याकडे हा साप नाहीच, त्यामुळे मराठी नावही नाही. या लेखापुरतं मी त्याला कट्यारसाप म्हणतो. वीसेक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक सहाराच्या दक्षिणेला आणि मोजक्या अरबस्तान, इस्राएल, जॉर्डनकडे.

याचं आयुष्य जमिनीखाली जातं. उंदराच्या बिळात शिरल्यावर घोणशीसारखा जबडा फाकवायला जागा कुठली? म्हणून हा पिल्लांना घासून पुढे सरकतो आणि जाता जाता एकेकाला टोचत जातो.

याच दातानं शास्त्रज्ञांनाही चकवलं. अँड्र्यू स्मिथ यांनी १८४९ मध्ये या सापाचं वर्णन केलं. लांब, पोकळ, हलणारा विषदंत म्हणजे घोणसकुळ, असा तेव्हाचा सरळ हिशोब. १८९६ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत बुलेंजर यांनीही त्याला तिथंच बसवलं, आणि ‘बिळातली घोणस’ अशा अर्थाचं नाव पुढे कित्येक वर्षं टिकलं. १९६०च्या दशकात कवट्यांचा बारकाईनं अभ्यास झाला, तेव्हा दात सोडला तर बाकी काहीच घोणशीशी जुळेना. नंतर डीएनएनंही तेच सांगितलं: हा घोणशीपेक्षा नागाला जवळचा. त्याचे सख्खे भाऊबंद म्हणजे आफ्रिकेतले गोम खाणारे छोटे साप. घोणशीचा दात आणि याचा दात वेगवेगळ्या वाटेनं घडले. सारखे दिसतात इतकंच. आता त्याला कोणी स्वतंत्र कुळ म्हणतं, कोणी मोठ्या कुळातलं उपकुळ. तो वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

विष मात्र खरंच विलक्षण. मृत समुद्राकाठच्या एन गेदी भागातल्या जातीच्या विषात सॅराफोटॉक्सिन नावाची प्रथिनं सापडली, प्रत्येकी २१ अमिनो आम्लांची. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी रक्तवाहिन्या आवळणारं एंडोथेलिन शोधलं, तेही २१ अमिनो आम्लांचं, आणि दोन्हींची ठेवण जवळजवळ एकच! म्हणजे जे रसायन आपलं शरीर थेंबाथेंबानं वापरतं, त्याचीच भावकी या सापाच्या विषग्रंथीत भरलेली. ते हृदयाच्या धमन्या आवळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या जातींच्या दंशानं माणूस सहसा दगावत नाही, पण प्रचंड वेदना, सूज आणि कधीकधी बोट गमावणं हे ठरलेलं. त्यावर उपयोगी पडेल असं प्रतिविष नाही.

ओळखायचा कसा? इथंच पंचाईत आहे. अंगावर नक्षी नाही, फणा नाही, घोणशीचं त्रिकोणी डोकंही नाही. गडद तपकिरी किंवा काळा, तुळतुळीत, हात-दीड हात लांबीचा. डोकं मानेइतकंच रुंद, डोळे मोहरीएवढे, डोक्यावर मोठे सममित खवले. घोणशीच्या डोक्यावर बारीक खवल्यांची गर्दी असते, तसं इथं नाही. आपल्याकडे कवड्या आणि मण्यार ओळखताना नाकपुडी आणि डोळा यांमधला जादा खवला बघतात. कवड्याला तो असतो, मण्यारीला नसतो. कट्यारसापालाही नसतो, पण तिथल्या इतर काही बिळातल्या सापांनाही नसतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. शेपूट आखूड, टोकाला काटा. हातात घेतल्यावर तो टोचतो, पण त्यात विष नसतं.

त्यापेक्षा लांबूनच त्याची बसण्याची ढब बघावी. डिवचल्यावर हा मान कमानीसारखी वर उचलतो आणि नाक जमिनीला टेकवतो, जणू आत्ता माती उकरणार आहे. असं करणारे साप थोडेच. २०१९ मध्ये लायबेरिया आणि गिनीतून याची एक नवी जाती नोंदवली गेली. तिनंही आधी वेटोळ्याखाली डोकं लपवलं, मान जवळजवळ काटकोनात वाकवली आणि मग जवळपास स्वतःच्या लांबीइतक्या उड्या मारत वार केले.