प्रतिकृती मोटारींच्या टायरांची काटछाट

प्रतिकृती मोटारींच्या टायरांची काटछाट : लहान प्रतिकृती मोटारींवर बसवायचे रबरी वा व्हिनाइलचे (एका मऊ प्लॅस्टिकचे) टायर कापून, झिजवून किंवा सांधून हव्या त्या व्यासाचे व रुंदीचे करणे. बाजारात मिळणारा टायर मूळ गाडीच्या मापाशी क्वचितच जुळतो. पेटीवर छापलेले प्रमाण गाडीच्या सांगाड्याला लागू असते, टायरला असेलच असे नाही.

प्रमाणांपैकी १:२४ (एका फुटास अर्धा इंच) आणि १:६४ (एका फुटास तीन-सोळांश इंच) यांचा हिशेब सरळ आहे. १:४३ या प्रमाणाच्या उगमाबद्दल मात्र मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये ‘ओ’ गेजच्या (रुळांच्या एका ठरावीक रुंदीच्या) खेळण्यातील आगगाड्यांसाठी एका फुटास ७ मिमी धरत, ३०४.८ मिमीस ७ ने भागल्यास सु. ४३.५ येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी मोटारी १९३० नंतरच्या दशकात त्याच कंपनीच्या हॉर्नबी या खेळण्यातील आगगाड्यांच्या जोडीला म्हणून निघाल्या, हा या मताचा आधार. उलट, सुरुवातीच्या डिंकी गाड्यांची मापे एकसारखी नव्हती, म्हणून हे प्रमाण नंतरच्या युरोपीय उत्पादकांनी रूढ केले असेही मानतात. दुसऱ्या मताने प्रसाराचा उलगडा होतो, आकड्याचा होत नाही. तेवढ्यापुरते पहिलेच मत ग्राह्य वाटते.

माप काढताना खऱ्या टायरवरील आकडे धरावेत. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्र बोलेरोचा २१५/७५ आर १५ हा टायर घेतल्यास रुंदी २१५ मिमी, गालाची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी व रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. एकूण व्यास सु. ७०३ मिमी. १:२४ मध्ये हा व्यास २९.३ मिमी, रुंदी ९ मिमी आणि रिम १५.९ मिमी होते. हाती ३१ मिमीचा टायर असेल, तर १.७ मिमी व्यास कमी करण्यासाठी परिघातून त्याच्या ३.१४ पट, म्हणजे सु. ५.३ मिमीचा तुकडा काढावा लागतो. त्याबरोबर आतला व्यासही तेवढाच घटतो, हे नवशिक्यांच्या ध्यानात राहत नाही. आतले माप ठीक असेल तर तुकडा काढू नये. टायर लाकडी दांड्यावर घट्ट बसवून लेथवर किंवा ड्रिलवर फिरवावा आणि पॉलिश पेपरने झिजवावा. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील छोट्या वर्कशॉपांत बहुधा लेथ असतो. रुंदी कमी करताना साबणाच्या पाण्याने ओले केलेले नवे ब्लेड लावून आतल्या बाजूचा गाल कापतात. तो गाडीखाली झाकला जातो.

तुकडा काढल्यावर टायरची दोन टोके जोडावी लागतात. हा सांधा तिरका कापल्यास चिकटण्यास जास्त जागा मिळते. तो फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदाने जोडून जमिनीकडे ठेवतात. हा गोंद हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे कोरड्या एप्रिलमध्ये तो सावकाश धरतो, तर पावसाळ्यात सांध्याभोवती पांढरी भुकटी उमटू शकते.

टायर फ्रीजमध्ये कडक करून कापण्याची युक्ती सांगितली जाते. घरगुती फ्रीजरमध्ये उणे १८° से.च्या आसपास तापमान असते. त्यात व्हिनाइल कडक होते, पण नैसर्गिक रबर काचेसारखे होण्यास उणे ७०° से.च्या जवळपास जावे लागते. तेव्हा युक्तीचा उपयोग मुख्यतः व्हिनाइललाच. कोणता पदार्थ हाती आहे ते तापलेल्या सुईने कळते. व्हिनाइल वितळते, गंधक मिसळून पक्के केलेले रबर वितळत नाही, जळते.

व्हिनाइलमधील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकची रिम विरघळवते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. उन्हाळ्यात बंद कपाटातल्या गाड्यांना हा धोका अधिक. रिमवर आधी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलची पातळ पट्टी गुंडाळल्यास दोन्ही पदार्थांचा स्पर्श टळतो. कापलेल्या टायरमध्ये नुसता सांधा सुटण्यापेक्षा हे नुकसान मोठे, कारण रिम पुन्हा मिळवणे टायरपेक्षा कठीण असते.