कुर्ल्याची फियाट घरी उभी करताना

पुणे, कोल्हापूर, नाशिक, पणजी अशा गावांत सध्या एक हौस वाढताना दिसते. पडून राहिलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, विकत घ्यायची, घराच्या आवारात ती नटबोल्टपर्यंत उघडायची, सडलेला पत्रा बदलायचा, इंजिन नव्याने बांधायचं आणि जमलं तर काही सोयीचे बदलही करायचे. या कामाबद्दल बोलताना ते आत्ताच आलेलं वेड आहे, असा सूर अनेकदा लागतो. मला तो पटत नाही. फियाट उघडून पुन्हा बांधायचं काम आपल्याकडे जवळजवळ सत्तर वर्षं चालू आहे. ते का सुरू झालं आणि का टिकलं हे माहीत असेल, तर आज हातात पाना घेणाऱ्याला काय जपायचं आणि काय बदलायचं हे ठरवणं सोपं जातं.

गोष्ट मुंबईतल्या कुर्ल्याची आहे, पण तिचा माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांनी जहाजं, साखर, विमानं अशा उद्योगांत पाऊल टाकलं होतं आणि मोटारही देशात बनावी हा त्यांचा ध्यास होता. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली, तेव्हा वालचंदांनी ती उचलून धरली. १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करारही झाला, पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डी सोटो या मोटारी आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. बहुतेक सुटे भाग बाहेरून यायचे.

निर्णायक वळण १९५३ साली आलं. टॅरिफ कमिशन या आयात शुल्काबाबत सल्ला देणाऱ्या आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवलं की जे कारखाने टप्प्याटप्प्याने सगळे भाग देशात बनवायची तयारी दाखवतील, त्यांनाच पुढे परवानगी मिळेल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथली जोडणी बंद केली. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. त्याआधी छोटी टोपोलिनो ५०० कुर्ल्यात जोडली जात होती. आता तिच्या जागी फियाट ११००-१०३ आली, जी इटलीत ‘मिलेचेंतो’ म्हणून ओळखली जाई. १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली आणि १९५४ मध्ये मुंबईत बनू लागली. म्हणजे आपल्याला मिळाली ती त्या काळची अगदी ताजी गाडी होती. शिळी झाली ती नंतर, आपल्या धोरणांमुळे.

दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडी पेलणारा खालचा स्वतंत्र सांगाडा, नव्हती. जमीन, खांब, छप्पर मिळून एकच सांगाडा आणि त्यालाच इंजिन नि सस्पेन्शन बांधलेलं. जुन्या जीपची बॉडी चेसिसवरून उचलून बाजूला ठेवता येते, फियाटमध्ये तसं काही उचलायला नाही. त्यामुळे तळाचा पत्रा कुजला की गाडीचा कणाच कुजतो. घरी काम काढणाऱ्यांपैकी बरेच जण रंगाच्या आणि सीटच्या मोहात पडतात आणि तळ शेवटी बघतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी सगळी मॅटिंग काढून तळ टोचून बघावा, जॅक लावायच्या जागा आणि दारांखालचे पट्टे ठोकून बघावेत. लांबी (पुट्टी) भरून दडवलेला गंज रंगाच्या नव्या थराखाली दोन पावसाळेही काढत नाही. कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही. ते करताना सांगाड्याला खालून नीट टेकू दिलेले नसतील, तर तो वाकतो आणि मग दारं बसत नाहीत.

पहिल्या मॉडेलनंतर इलेगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली. या गाड्यांची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. उघडी दारं समोरून कानांसारखी दिसतात, म्हणून मुंबईत यांना ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडलं असं सांगतात. हे नाव आज त्यांचे मालकही प्रेमानेच घेतात. १९६४ मध्ये सुलट दारांची ११०० डिलाइट आली. पुढे फियाटशी असलेला परवाना संपला, तेव्हा १९७२ मध्ये तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीचं नाव लागलं तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. इटलीत ११०० डी चं उत्पादन १९६६ मध्ये थांबलं होतं. आपल्याकडे ती २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली.

इतकी वर्षं एकच गाडी चालण्याचं कारण बाजारात पर्यायच नव्हता. अँबेसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यावर यादी संपायची. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरे, १९६९ मध्ये तर सरकारने किमतीही ठरवून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. अशा बाजारात हाताशी असलेली गाडी मोडीत काढणं कोणालाच परवडणारं नव्हतं. आजोबांनी घेतलेली फियाट वडिलांनी चालवली, असं अनेक घरांत झालं, आणि ती चालत राहिली ती मिस्त्रींच्या जिवावर.

या मिस्त्रींनी जे ज्ञान उभं केलं, त्याची नोंद पुस्तकांत फारशी नाही, याची मला खंत वाटते. १९५४ ते २००० या काळात इंजिनाचा मूळ आराखडा तोच राहिला. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड. बाहेरून ग्रिल, दिवे, डॅशबोर्ड बदलत गेले, पण आतले कितीतरी भाग एका दशकाचे दुसऱ्या दशकातल्या गाडीला बसतात किंवा थोड्या लेथकामाने बसवता येतात. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या दुकानदाराला भाग दाखवला की तो कुठल्या मॉडेलचा आणि कशाला चालेल हे तो हातात घेऊन सांगतो. नवा भाग मिळाला नाही तर घडवून घ्यायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ओतकाम आणि लेथ शेजारी शेजारी असल्यामुळे ते शक्यही होतं.

दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो, याची रेघ या गाडीत आखता येत नाही. इंजिन धूर मारायला लागलं की ब्लॉक रिबोर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून थोडे रुंद करून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकतात. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. बोअर एका मिलिमीटरने वाढला की १०८९ सीसीचं इंजिन ११२२ सीसीचं होतं. मे महिन्यात घाटात इंजिन तापलं की अॅल्युमिनियमचं हेड बेंड होतं, मग ते फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, जातं. प्रत्येक फेसिंगमध्ये थोडं धातू निघतं, ज्वलनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन (आतला दाब) चढतं. मालकाने फक्त दुरुस्ती करून घेतलेली असते, गाडी मात्र कारखान्यातून निघाली तेव्हाची राहिलेली नसते. चाळीस वर्षं नियमित वापरात असलेली एकही फियाट अशा बदलांवाचून राहिली असेल, असं मला वाटत नाही.

सोयीचे बदलही गरजेतूनच आले. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच असल्यामुळे उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडायची. खंडाळ्याच्या चढावर पंपावर ओलं फडकं गुंडाळून थांबलेल्या फियाट हे एकेकाळचं नेहमीचं दृश्य. त्यावर इलाज म्हणून कोणी इलेक्ट्रिक पंप लांब बसवला, कोणी रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. स्टिअरिंगवरच्या गिअरचे बुश झिजून गिअर सापडेनासा होई, म्हणून गिअरचा दांडा खाली जमिनीवर आणण्याची पद्धत पडली. त्याला १९८५ च्या प्रीमियर ११८ एनईने मदत केली. तिचं इंजिन निसानचं ११७१ सीसीचं होतं आणि गिअर खाली. मोडीत निघालेल्या ११८ एनईचा गिअरबॉक्स, कधी इंजिनासकट, पद्मिनीत चढवणं हा गॅरेजवाल्यांचा ठरलेला उद्योग झाला. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही आणि ती लोक विसरतात. पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात त्या किंगपिनला नियमित ग्रीस लागतं. नवं इंजिन टाकून किंगपिन जुनेच ठेवले, तर ती गाडी वेगात धोकादायक ठरते. इंजिनाची ताकद वाढवायची असेल तर आधी ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन, मग इंजिन.

शर्यतीची परंपराही या इंजिनाला जन्मापासून आहे. महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया या कंपनीची छोटी रेसिंग कार फियाट ११०० च्या भागांवर उभी राहिली. पुढे फॉर्म्युला ज्युनियर ही छोट्या रेसिंग गाड्यांची शर्यत सुरू झाली, तेव्हा मोदेनाच्या स्टँग्वेलिनी या निर्मात्याने याच इंजिनावर गाड्या जिंकवल्या. महाग इंजिन परवडत नाही तर रस्त्यावरच्या गाडीचं घेऊन सुधारायचं, हा त्या शर्यतींचा पायाच होता. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर फियाट धावल्या, त्या मालकांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी तयार केलेल्या. परदेशी सुटे भाग आयात करणं जवळपास अशक्य असताना हेडमधले हवा-धुराचे मार्ग (पोर्ट) घासून गुळगुळीत करणं, कार्बोरेटरचे जेट बदलणं, वजन कमी करणं एवढ्यावर हे लोक वेग मिळवत. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी पुढे मारुतीच्या भागांवर एकासनी फॉर्म्युला मारुती बनवली, तीही याच विचारातून.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी, ७९६ सीसीची ही गाडी सहसा रस्त्यात थांबत नसे. ज्यांना परवडलं ते तिकडे वळले आणि वापरलेली फियाट पहिल्यांदाच विद्यार्थ्याला किंवा नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाला झेपेल अशा किमतीत आली. हौसेने फेरफार करण्याची खरी सुरुवात मी इथे मानतो. गाडी आता घराची एकुलती एक गाडी नव्हती, ती महिनाभर उघडून ठेवली तरी कोणाचं अडत नव्हतं.

त्या काळात सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी. सीएनजीवर आल्यानंतरही त्या रोज धावत राहिल्या, म्हणून क्लच प्लेट, वॉटर पंप, बेअरिंग बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक राहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी मुंबईत अधिकृतपणे धावत नाही. घरी फियाट बांधणाऱ्यांसाठी ही तारीख मोठी आहे. मोडीत निघालेल्या टॅक्सींचे भाग काही काळ पुरतील, पण रोजचा खप थांबला की नवे भाग बनवणारेही थांबतात.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरीकडे २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली, म्हणजे हा प्रश्न आता त्यांच्या दाराशी आला आहे.

असुरक्षित फेरफारांना आळा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बेभरवशाच्या वेल्डिंगवर दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलेली गाडी रस्त्यावर कोणाचाही जीव घेऊ शकते. पण ज्या गाड्या निव्वळ फेरफार करत करतच जगल्या, त्यांना ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा एकच मापदंड लावणं मला अपुरं वाटतं. १९७५ च्या पद्मिनीला १९८५ चा अल्टरनेटर आणि १९९० चं रिबोर केलेलं इंजिन असेल, तर तो तिचाच इतिहास आहे. काळानुसार झालेली दुरुस्ती आणि आज हौसेने केलेला आमूलाग्र बदल यांत नियमांनी फरक करायला हवा, आणि तो करण्यासाठी जुन्या मिस्त्रींचं म्हणणं नोंदवून घ्यायला हवं.

तोपर्यंत घरी काम काढणाऱ्याने काही पथ्यं पाळावीत. नवा भाग बसवायला सांगाडा कापू नये, असलेल्या भोकांवर ब्रॅकेट करून तो बसवावा, म्हणजे उद्या पूर्ववत करता येईल. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा. इंजिन बदललं किंवा रंग बदलला तर आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकात नोंद करावी. आणि गाडीचे पैसे देण्याआधी आरसीवरचा इंजिन आणि चेसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून बघावा. टॅक्सीतून काढलेली इंजिनं इतक्या गाड्यांत फिरली आहेत की हे क्रमांक न जुळणाऱ्या फियाट बाजारात सहज सापडतात, आणि तळाचा पत्रा नवा झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली तर घातलेली सगळी मेहनत अडकून पडते.